घास कापायचं मशीन, जळके बेल्ट आणि गिरणीवाले तात्या

जळक्या रबराचा वास ज्याला एकदा ओळखीचा झाला त्याला तो झोपेतसुद्धा येतो. मला दोन वर्षं येत होता. आमच्याकडे संगमनेर भागात नुसतं घास म्हणलं की लसूणघासच समजायचा, बाकी सगळं गवत. तर हा घास कापायला मी २०२२ मध्ये एक सेकंडहँड ड्रम मॉवर घेतला, आणि त्याच्या ब्लेडनी जेवढं शिकवलं नसेल तेवढं त्याच्या ड्राइव्हने शिकवलं. ड्राइव्ह म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओपासून, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या त्या दांड्यापासून, फिरणाऱ्या पात्यांपर्यंत ताकद पोचवणारं जे काही मधलं आहे ते सगळं. घेताना मी ड्रम बघितले, पाती बघितली, रंगसुद्धा बघितला, मधलं काहीच बघितलं नाही.

गाई बावीस, घास तीन एकर, आणि कापायला माणूस मिळेना. विळ्याने घास कापणं म्हणजे रोज पहाटे चार बाया लागतात आणि गावात तेवढ्या बाया आता येत नाहीत, त्यांचंही बरोबर आहे, पाठ मोडते. घास २५-३० दिवसांनी परत कापणीला येतो, म्हणजे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पोचेपर्यंत पहिला कोपरा फुलावर. आधी एक सीझन भाड्याने कातरीवालं मशीन आणलं होतं, ते पुढं-मागं सरकणारं पातं, न्हाव्याच्या मशीनसारखं. ते पातं प्रत्येक फेरीला दोन्ही टोकांना थांबतं आणि परत उलटं धावतं, त्यामुळे हादरे खूप, आणि पावसाने आडवा पडलेला घास असला की दर वीस फुटांवर मशीनच्या पुढच्या लोखंडी बोटांत अडकून बसायचं. उतरा, काढा, चढा. शेवटी बाया परवडल्या म्हणायची वेळ आली.

मग मोशीच्या किसान प्रदर्शनात फिरणाऱ्या पात्याची मशीनं बघितली. दोन प्रकार होते. एक डिस्कवालं, त्यात खाली जमिनीलगत एक चपटी लांब पेटी असते, तिच्यात ओळीने गिअर एकमेकांत अडकवलेले, तेलात बुडालेले, आणि वर छोट्या छोट्या चकत्या भन्नाट फिरतात. दुसरं ड्रमवालं, त्यात दोन मोठी पिंपं उभी, ताकद वरून येते आणि पिंपाच्या बुडाशी पाती. डिस्कवालं हलकं आणि देखणं पण किंमत ऐकून मी पुढच्या स्टॉलवर सरकलो. ड्रमवालं जडशीळ, पण उघडून आपल्या हाताने दुरुस्त होईल असं वाटलं. वाटलं ते खरंच होतं, फक्त ते इतक्यांदा उघडायला लागेल हे कुणी बोललं नाही. नवं परवडत नव्हतं, महिनाभरात जुनं मिळालं, लाखाच्या आत, एक मीटर पासष्ट सेंटिमीटर कापणारं.

हे चालतं कसं ते सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरतो. त्याला क्रॉसवाला शाफ्ट, तो एका मोठ्या पुलीला, तिथून चार व्ही-बेल्ट वरच्या छोट्या पुलीवर. छोट्या पुलीच्या मागं कोपऱ्यात बेव्हल, म्हणजे तिरप्या दातांच्या शंकूसारख्या गिअरची एक जोडी, ती नुसती दिशा वळवते, मग दोन्ही ड्रमच्या डोक्यावरून जाणारा आडवा शाफ्ट, आणि प्रत्येक ड्रमच्या डोक्यात परत बेव्हलची एकेक जोडी. मी टेप लावून मोजलं, मोठी पुली ३४० मिलिमीटर, छोटी १६०, म्हणजे तिथंच ५४० चे साधारण साडेअकराशे झाले. ड्रमच्या जोडीत २९ दात १८ दातांना फिरवतात, म्हणजे पुढं साडेअठराशेच्या घरात. पात्याच्या टोकाचा घेर ८६ सेंटिमीटर व्यासाचा धरला तर टोक सेकंदाला ८० मीटरच्या पुढं पळतं. ताशी ३०० किलोमीटर! हा हिशोब मी रात्री वहीवर केला आणि सकाळी पहिलं काम काय केलं असेल तर मशीनची फाटकी ताडपत्री बदलून नवी जाड बसवली. दगड उडाला तर तो तिनेच अडवायचा असतो.

एवढा वेग कशाला लागतो हे मला आधी कळत नव्हतं. विळ्याने कापताना आपण डाव्या हातात मूठ धरतो आणि मग ओढतो, म्हणून हळू ओढला तरी कापतो. कातरीला दुसरं पातं असतं टेकायला. इथं मूठ धरायला कोणीच नाही, घासाची काडी नुसती उभी, तिला वाकायला वेळ मिळायच्या आत तोडायची. वेग कमी झाला की काडी वाकते, फाटते, चिंध्या होतात आणि पुढची फूट उशिरा येते. दोन्ही ड्रम पुढच्या बाजूने एकमेकांकडे फिरतात, म्हणून कापलेलं सगळं मधून मागं जातं आणि एक सरळ ओळ पडते, ती बघायला फार छान वाटते हो.

तर पहिल्या दिवशी अर्धा एकर झालं आणि धूर. बेल्ट जळाले. जुनेच असतील म्हणून नवे टाकले, पण चारपैकी दोनच, कारण दोन चांगले दिसत होते, आणि ही झाली पहिली मोठी चूक. जुने बेल्ट वापरून ताणलेले असतात, नवे आखूड, मग सगळी ओढ त्या दोन नव्यांवर येते आणि जुने नुसते मिरवणुकीत चालल्यासारखे सोबत फिरतात. आठ दिवसांत नवे गेले. मग पूर्ण सेट आणला, बी-७८ मापाचे चार, एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे. ते तीन आठवडे टिकले.

मधे पुतण्याने एक पराक्रम केला. आमच्या ट्रॅक्टरला पीटीओचा इकॉनॉमीचा लिव्हर आहे, त्यात इंजिन कमी फिरवून पीटीओ ५४० मिळतो, डिझेल वाचतं, पाण्याच्या पंपाला वगैरे चांगलं. त्याने इकॉनॉमी टाकला आणि रेस मात्र नेहमीसारखी १८०० वर ठेवली, म्हणजे पीटीओ साडेसातशेच्या आसपास आणि ड्रम अडीच हजाराच्या पुढं. लांबून आवाज ऐकून मी बांधावरून पळत सुटलो, चप्पल एक तिकडंच. तो म्हणतो, "काका, आज काय मस्त कापतंय!" कापणारच की रे बाबा. तो लिव्हर आता तारेने बांधून टाकलाय.

बेल्ट परत जळले. आता मी चिडलो. ज्या दुकानातून बेल्ट आणायचो तो मला बघूनच बी-७८ काढून ठेवायला लागला होता. कुणी म्हणे रेस कमी ठेवता म्हणून, कुणी म्हणे क्लच एकदम सोडता म्हणून, आणि दोन्ही थोडं थोडं खरं होतं. दोन्ही ड्रम मिळून चांगलेच जड, ते थांबलेले असताना फुल रेसवर पीटीओ लावला की बेल्टला झटका बसतो, म्हणून रेस पार खाली आणून हळूच लावायचा आणि मग वाढवायचा. बंद करतानाही ड्रम लगेच थांबत नाहीत, शाफ्टमध्ये सायकलच्या फ्री-व्हीलसारखी कुत्री असते, पीटीओ बंद केल्यावरही ते मिनिटभर आपल्या जोरात फिरत राहतात. आवाज थांबला म्हणजे पातं थांबलं असं नाही, हे घरातल्या सगळ्या पोरांना ओरडून ओरडून सांगितलंय. हे सगळं पाळलं तरी बेल्ट गरम होणं काही थांबेना.

मग मी उपाय केला तो म्हणजे बेल्ट ताणले. ताणायचा बोल्ट आहे त्याला पाईप घालून असा पिळला की बेल्टवर टिचकी मारली तर तुणतुण्याच्या तारेसारखा आवाज यायचा. आणि खरंच, घसरणं थांबलं! वास गेला. चार दिवस मी गावात छाती काढून फिरलो.

पाचव्या दिवशी खालच्या तुकड्यात कापताना मोठा आवाज झाला. असा की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड हललं. त्या तुकड्यात आदल्या वर्षी आम्ही खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या, वाघरीची, म्हणजे मेंढ्यांभोवती बांधायच्या जाळीची, एक लोखंडी मेख मातीत राहून गेली होती, ती पात्याला लागली. पातं मोकळ्या पिनवर असतं, ते मागं वळतं, थोडाफार मार तेच खातं. पण ही मेख पात्याच्या आणि ड्रमखालच्या, जमिनीवर टेकणाऱ्या तव्याच्या मधे आडवी अडकली आणि ड्रमच जाग्यावर धरला गेला. बेल्ट सैल असते तर त्या क्षणी सुटकन घसरले असते, किंचाळले असते, फार तर जळाले असते. पण मी त्यांना घसरायची सोयच ठेवली नव्हती. मग ज्याला सोसवेना तो तुटला, डाव्या ड्रमच्या डोक्यातला १८ दातांचा बेव्हल. तीन दात साफ, चौथ्याला चीर. छोट्या पुलीच्या बेअरिंगलाही प्ले आलेला, ते बहुतेक नुसत्या ताणानेच गेलं असावं.

माझ्याकडचे चार बेल्ट म्हणजे चार फ्यूज होते आणि मी फ्यूजच्या जागी खिळा घातला होता. घरात वायरमनने असं केलं असतं तर मीच त्याला शिव्या घातल्या असत्या.

गिअर मिळेना. जुनं मॉडेल, पार्ट नाही. शेवटी नगरच्या एमआयडीसीत एकाने बनवून दिला. तो म्हणाला नुसता तुटलेला गिअर नवा करू नका, जोडी करा, कारण बेव्हल जोडीनेच झिजतात, जुन्यावर नवा बसवला की ओरडतो आणि नव्याला खातो. स्वस्तात ईएन-८ पोलादामध्ये करू का असंही त्याने विचारलं, मी बरोबर आलेल्या मिस्त्रींकडे बघितलं, त्यांनी नुसती मान हलवली, मग ईएन-३५३ घेऊन वरून केस हार्डनिंग. म्हणजे दाताची कातडी कडक आणि पोट जरा चिवट, धक्का बसला तर काचेसारखा फुटत नाही. दोन्ही मिळून साडेअकरा हजार. हे बायकोला अजून साडेसहाच माहीत आहेत.

बसवायचं काम मिस्त्रींनी आमच्या गोठ्यासमोर केलं आणि मी शेजारी पाट घेऊन बसलो. बेव्हल नुसता आत घातला आणि बोल्ट आवळले असं होत नाही. दोन गिअर एकमेकांत किती खोल शिरायचे ते शिमच्या चकत्या घालून काढून ठरवायचं, जास्त शिरले तर गरम होऊन आवाज करतात, कमी शिरले तर दाताच्या टोकावरच भार येतो. त्यांनी शेंदूर मागवला. मला वाटलं पूजा करणार. त्यांनी तो तेलात कालवून एका गिअरच्या दातांना लावला, हाताने दोन फेरे दिले आणि दुसऱ्या गिअरवर उठलेला डाग बघितला. डाग दाताच्या टाचेकडे होता, एक शिम काढली, परत लावला, आता मधोमध. "हां, आता मारुती पावला," म्हणाले. शेंदूर पुसून आत नव्वद नंबरचं ऑइल भरलं, नवा सील टाकला.

इथंपर्यंत सगळं नीट. त्या दिवशी मिस्त्रींना लग्नाला जायचं होतं, म्हणाले, ड्रमचं डोकं परत चढवायचं काम तुम्हीच करा, फक्त खुणा जुळवा. मी म्हणलं करतो. खुणा जुन्या गिअरवर होत्या! जुना गिअर भंगारात. नव्यावर कसली खूण. मी डोकं चढवलं, बोल्ट आवळले, हाताने ड्रम फिरवून बघितला, गुळगुळीत.

दोन ड्रमच्या पात्यांचे घेर मधे एकमेकांवर चढलेले असतात, नाहीतर मधे घासाची शेंडी राहील. म्हणून एका ड्रमचं पातं मधे येतं तेव्हा दुसऱ्या ड्रमच्या दोन पात्यांमधली मोकळी जागा तिथं यायला हवी. एका ड्रमला तीन पाती, म्हणजे दोन्ही ड्रममध्ये ६० अंशांचा फरक पाहिजे. १८ दातांच्या गिअरला एक दात म्हणजे २० अंश. तीन दात चुकलं की बरोबर पात्यासमोर पातं. आणि मी नेमका तीन दात चुकलो होतो, एक दात चुकलो असतो तर कदाचित निभावलंही असतं. हाताने फिरवताना कळलं नाही कारण थांबलेल्या ड्रमची पाती लुळी, आत वळून पडलेली. ती बाहेर ताणली जातात ती फिरल्यावरच.

पीटीओ लावला आणि टण टण टण टण. रेस खालीच होती आणि मी ट्रॅक्टरवर होतो, आजूबाजूला कोणी नव्हतं म्हणून हे आज मी हसत सांगतोय. एक पातं तुटून ताडपत्रीत रुतलं. नवी ताडपत्री घेतली ते सार्थकी लागलं असं म्हणायचं. बाकीच्या पात्यांच्या धारा पार करवतीसारख्या. परत डोकं उतरवलं, आणि यावेळी सगळी पाती दोरीने बाहेर ओढून बांधली, मग हाताने सावकाश फिरवत बघितलं, एकाही ठिकाणी टोकाला टोक येत नाही याची खात्री केली, आणि गिअरवर पक्की खूण केली. जो कोणी माझ्यानंतर हे उघडेल त्याने मला दुवा द्यावा.

एवढं होऊन मूळ दुखणं तसंच. बेल्ट आता बेताचे ताणले, दोन फुटांच्या अंतरात अंगठ्याने दाबलं तर सेंटिमीटरभर दबतील एवढे, आणि लगेच परत वास. दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गिरणीत गेलो होतो. आमच्या गिरणीवाल्या तात्यांनी आयुष्य बेल्टसोबत काढलंय, आधी पट्ट्याची गिरणी, नंतर व्ही-बेल्टची. मी सहज रडगाणं गायलं. त्यांनी बाकी काही विचारलं नाही, एवढंच विचारलं, "पुलीच्या खाचेचं बूड चकाकतंय का?"

मी काय, बघितलंच नव्हतं कधी. संध्याकाळी तात्या स्वतःच आले, अंगावर पीठ तसंच. बेल्ट काढायला लावले, छोट्या पुलीच्या खाचेत बोट घातलं आणि मला घालायला लावलं. बूड आरशासारखं. मग बेल्ट परत चढवून काडेपेटी पुलीच्या कडेवर आडवी ठेवली, बेल्टची पाठ कडेच्या बरोबरीला किंवा किंचित वर पाहिजे, इथं चांगली चार मिलिमीटर आत बुडालेली. तात्या म्हणाले, "बेल्ट बुडाने नाही ओढत रे, बगलेने ओढतो. हा खाली टेकलाय. टेकला की नुसता सरपटतो, मग तू कितीही ताण."

अहो म्हणजे दोन वर्षं मी बेल्ट बदलत होतो आणि खराब पुली होती! खाचेच्या दोन्ही भिंती आतून खाऊन पोकळ झालेल्या, नव्या बेल्टलासुद्धा धरायला जागाच नाही, तो पाचराप्रमाणे अडकण्याऐवजी तळाशी जाऊन बसायचा. पहिल्या मालकाने बहुतेक हे ओळखूनच मशीन विकलं असणार, मी असतो तर मीही तेच केलं असतं.

नवी पुली बिडाची ओतीव घेऊन टर्नरकडे दिली. मी त्याला मोठ्या पुलीची खाच मापून दिली होती, ३८ अंश. तो म्हणाला, छोटीला ३४ लागतो. मला वाटलं चुकतोय. त्याने बेल्टचा तुकडा घेऊन हातात जोरात वाकवून दाखवला, वाकवला की आतली बाजू दबून फुगते आणि बाजूंचा कोन बदलतो, जेवढी पुली छोटी तेवढं वाकणं जास्त, म्हणून खाच जरा अरुंद कोनाची. बेल्टसारखी साधी वस्तू, तिच्यात एवढं असेल असं कधी वाटलं नव्हतं. पुली बसवताना दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून सुतळी ताणून एका रेषेत आणल्या, ते अर्ध्या तासाचं काम. जाता जाता पीटीओचा क्रॉसवाला शाफ्टसुद्धा बघितला तर त्याचे दोन्ही आतले योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत नव्हते, मागं कधीतरी काढून घाईत एक घर फिरवून घातलेला. ते जुळवल्यावर सीटखालची ती बारीक थरथर गेली, जी मी ट्रॅक्टरचं वय समजत होतो.

त्यानंतर तोच एक बेल्टचा सेट आहे, चौदा कापण्या झाल्या. तव्याखाली रिंगा घालून कापणी दोन-अडीच इंच वर घेतली, फार खरवडून कापलं की घासाचा गड्डा दुखावतो आणि फूट विरळ येते, हेही उशिराच कळलं. पावसाळ्याआधी थोडा घास वाळवून गठ्ठेही बांधले, पानं गळतात म्हणून ओळ उलटायची ती सकाळच्या दवात. ते वेगळं प्रकरण आहे.

परवा खालच्याच तुकड्यात कापत होतो. एकदम बेल्ट किंचाळले, वास आला, मी लगेच क्लच दाबला आणि पीटीओ सोडला. ड्रम गप्प उभा होता पण मी सवयीने शंभरापर्यंत मोजलं, मग उतरलो. दात सगळे शाबूत, पातं एक वाकडं, आणि तव्याखाली आडवी अडकलेली लोखंडी मेख. मेंढ्या बसवल्या तेव्हा माझ्या मते दोन मेखा हरवल्या होत्या, म्हणजे हिशोब पुरा झाला. पुतण्या म्हणतो, काका, तीन होत्या.